आपलं कार्ड आपणच

आयुष्यभर जी गोष्ट करणाऱ्यांना पकडून शंकररावांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती गोष्ट त्यांनी स्वतः केली वयाच्या बहात्तराव्या वर्षी. बदलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून, दुपारचा चहा पिता पिता, एका बोटाने टाइप करत. घरात कोणी नव्हतं. तरी बटण दाबायच्या आधी त्यांनी मागे वळून पाहिलंच.

ती गोष्ट काय हे कळायला आधी शंकरराव कोण ते कळायला हवं. अंबरनाथला कापड रंगवायचा एक मोठा कारखाना होता. आता तिथे बावीस मजल्यांचे दोन टॉवर आहेत आणि जुन्या गेटचा एक दगडी खांब तेवढा बिल्डरने शोभेसाठी ठेवलाय, त्यावर रात्री निळा दिवा लागतो. त्या कारखान्यात बाराशे माणसं होती आणि बाराशेच्या बाराशे माणसांची वेळ शंकररावांच्या ताब्यात होती. ते टाइमकीपर. गेटातून शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, भिंतीवर पंचिंगचं घड्याळ, दोन्ही बाजूंना कार्डांचे लाकडी खण. कामगाराने आपलं कार्ड काढायचं, घड्याळाच्या फटीत सरकवायचं, खट्ट असा आवाज व्हायचा आणि कार्डावर वेळ उमटायची. सातची पाळी, सात वाजून पाच मिनिटांपर्यंत सूट. सहाव्या मिनिटाला लाल शाई, म्हणजे लेट मार्क. घड्याळाच्या वर पाटी होती, ‘आपले कार्ड आपणच पंच करावे’. आणि पाटीच्या खाली, स्टुलावर, शंकरराव.

पाटीला कोणी भीक घालत नसे. स्टुलाला मात्र सगळे टरकून असत. कारण दुसऱ्याचं कार्ड पंच करणं हा गुन्हा आहे असं त्या बाराशेंपैकी कोणालाच मनापासून वाटायचं नाही. दोस्ताचं पोर तापलंय, दोस्त गावच्या जत्रेहून परतला नाहीये, मग आपल्या कार्डाबरोबर त्याचंही कार्ड हळूच फटीत. डब्यातली चटणी वाटावी इतकं ते साधं होतं. जो करत नसे त्यालाच लोक कंजूस म्हणायचे. आणि शंकरराव त्यांना एकेक करून पकडायचे, रिपोर्ट लिहायचे, वर पाठवायचे. नाकासमोर चालणारा माणूस. कामगार म्हणायचे, याच्या स्वतःच्या लग्नात मुहूर्त चुकला असता तर याने नवरदेवालाच लेट मार्क दिला असता.

कारखाना बंद पडला, माणसं पांगली. कोणी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सिंध्यांच्या कापडदुकानात नोकरीला लागलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी गेलं. पुढे शंकरराव रिटायर होऊन, पत्नी वारल्यावर, मुला-सुनेबरोबर बदलापुरात राहायला आले तेव्हा त्यांना दिवस खायला उठला. सून किर्ती ऐरोलीला एका कंपनीत जाहिरातींचे ई-मेल पाठवायच्या कामाला होती. तिनेच सुचवलं, “बाबा, तुम्ही कारखान्याच्या इतक्या गोष्टी सांगता, त्या लिहा ना. मी तुम्हाला मेलची यादी बनवून देते. महिन्यातून एकदा सगळ्यांना एकदम जाईल.”

असा ‘भोंगा’ सुरू झाला. दर एक तारखेला, सकाळी सात वाजता. कधी कँटीनच्या उसळीबद्दल, कधी निळा रंग बनवणाऱ्या खात्यातल्या माणसांबद्दल, ज्यांचे तळहात रविवारीसुद्धा निळे असायचे. कधी त्या खऱ्या भोंग्याबद्दल, ज्याच्यावर अख्ख्या अंबरनाथच्या बायका भाताचं आधण ठेवायच्या. म्हाताऱ्यांना वाचताना रडू यायचं आणि ते तसं कळवायचे. शंकररावांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण लोकांना हवे आहोत.

पण त्या यादीत एक पत्ता असा होता, जो त्याच्या मालकाने दिलेला नव्हता. तो हरिचंद्रचा.

हरिचंद्र वांगणीचा. घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर होता. शंकरराव साताऱ्याकडून एकटे आलेले, खोलीवर स्टोव्ह पेटवून करपलेल्या पोळ्या खाणारे. पहिल्याच महिन्यात हरिचंद्रने त्यांचा डबा उघडून बघितला, झाकण लावून परत ठेवला आणि म्हणाला, “ह्ये कुत्र्याला घाल.” दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बायकोच्या, गंगूच्या डब्यात तांदळाची एक भाकरी जास्त यायला लागली. दोन नवऱ्याच्या, तिसरी शंकररावांची. बारा वर्षं ती तिसरी भाकरी चुकली नाही. गंगूला मूल होत नव्हतं. अकरा वर्षं नवससायास चालले होते, आणि ती सगळी वर्षं तिने एका परक्या माणसाला मुकाट्याने जेवू घातलं.

मग शहाऐंशी सालच्या जुलैमधली ती सकाळ. हरिचंद्र आलेला नाही आणि त्याचा जोडीदार जयदेव दोन कार्डं एकदम फटीत घालतोय, हे शंकररावांनी स्टुलावरून पाहिलं. सहा अठ्ठावन्न. आठवडाभर आधीच त्यांनी दुसऱ्या खात्यातल्या एका गरीब हेल्परला याच गुन्ह्यासाठी पकडलं होतं. आता दोस्त निघाला म्हणून सोडायचं? त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि साहेबांकडे जायच्या ट्रेमध्ये ठेवला. दुपारी दीड वाजता जयदेव धावत आला. गंगूला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या, हरिचंद्र दवाखान्यात होता, मुलगी झाली होती. अकरा वर्षांनी.

रिपोर्ट तेव्हा ट्रेमध्येच होता. शिपाई ट्रे उचलायचा चार वाजता. अडीच तास तो कागद शंकररावांच्या हातापासून चार हातांवर पडून होता आणि ते स्टुलावरून उठले नाहीत. नियम म्हणजे नियम, असं ते मनात म्हणत राहिले. चार वाजता शिपाई आला आणि ट्रे घेऊन गेला.

हरिचंद्र एकवीस दिवस सस्पेंड झाला. मुलीचं बारसं त्या एकवीस दिवसांतच झालं आणि शंकररावांना बोलावणं नव्हतं. तो कामावर परत आला तो बोलेनासा होऊन. कार्ड पंच करताना स्टुलाकडे बघायचासुद्धा नाही. कारखाना बंद होईपर्यंत बारा वर्षं तो रोज त्यांच्यासमोरून गेला, आणि शंकरराव दुपारी पुन्हा स्वतःच्या हातच्या करपलेल्या पोळ्या खायला लागले. लग्न झाल्यावर बायकोच्या हातच्या चांगल्या पोळ्या डब्यात आल्या, पण त्यांना तांदळाच्या भाकरीची चव काही विसरता आली नाही.

दोन वर्षांपूर्वी जयदेवने फोनवर सांगितलं की गंगू गेली. शंकररावांनी शर्ट चढवला, बदलापूर स्टेशनपर्यंत गेले, बाकावर बसले. वांगणी तिथून एक स्टेशन. पाऊण तास बसून ते घरी परतले. काय तोंड घेऊन जाणार? त्यानंतर आठवड्याने पेन्शनवाल्यांचं एक परिपत्रक मेलवर आलं. पाठवणाऱ्या शहाण्याने सगळ्यांचे पत्ते उघडेच ठेवले होते. त्या गर्दीत हरिचंद्रचा पत्ता दिसला. आणि तेव्हा, त्या दुपारी, चहा पिता पिता, शंकररावांनी तो ‘भोंगा’च्या यादीत घातला. न विचारता. दोस्ताचं कार्ड स्वतःच्या हाताने पंच केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढच्या महिन्याचा अंक त्यांनी डब्यातल्या तिसऱ्या भाकरीवर लिहिला. नाव कोणाचंच घातलं नाही.

किर्तीने त्यांना यादीचं पान बघायला शिकवलं होतं. कोणी मेल उघडला, किती वेळा उघडला, सगळं तिथे दिसायचं. भाकरीचा अंक हरिचंद्रच्या पत्त्यावर सात वेळा उघडला गेला. त्यानंतर दर महिन्याला, एक तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, त्याच्या नावापुढे ‘उघडला’ असं उमटायचं. कधी दोनदा, कधी तीनदा. उत्तर कधीच नाही. पण शंकररावांना तेवढं पुरे होतं. एक तारखेला संध्याकाळी ते फिरायला जात नसत, पान उघडून बसत. किर्तीला वाटायचं, बाबा सगळ्यांचंच बघतात.

हे असंच चाललं असतं. घोडं अडलं ते यंदाच्या सव्वीस जानेवारीला.

जुने कामगार दरवर्षी त्या दगडी खांबापाशी जमतात, झेंडावंदन करतात आणि मग शेजारच्या हॉलमध्ये मिसळ खातात. यंदा जयदेवने माईक हातात घेतला. आता तो चिखलोलीला मुलाकडे राहतो, पण जीभ तशीच आहे. “आपल्या शंकरचा भोंगा ज्यांना येत नाही त्यांची नावं टाका रे सगळ्यांनी!” किर्तीने बनवलेला फॉर्म प्रत्येकाच्या फोनवर होताच. मग काय, दीडशे म्हातारे मान खाली घालून बसले आणि ज्याला जो आठवेल त्याचा पत्ता टाकत सुटले. जो आलेला नाही त्याचा, ज्याला टाइप करता येत नाही त्याचा, ज्याचा मुलगा दुबईला आहे त्या मुलाचा. एका दिवसात यादी एकशे सेहेचाळीसवरून तीनशे एक्याण्णव झाली.

फेब्रुवारीचा अंक गेला आणि शिव्यांचा पाऊस पडला. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याने लिहिलं, “अंकल, पप्पा को गुजरे चार साल हो गये, ये भोंगा किसको भेज रहे हो?” कुठल्याशा बँकेतल्या बाईंनी पोलिसांची धमकी दिली. पंचवीस-तीस जणांनी तर एक शब्द न लिहिता सरळ ‘स्पॅम’चं बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी, ज्या परदेशी कंपनीमार्फत मेल जायचे तिचं पत्र आलं. तुमच्या यादीत न विचारता घातलेले पत्ते आहेत. पुढच्या अंकाला पुन्हा तक्रारी आल्या तर खातं कायमचं बंद.

शंकररावांनी जयदेवला फोन लावला. “तू किती नावं टाकलीस?”

“त्रेचाळीस.”

“त्यातले चार मेलेत, जयदेव.”

“मला माहीत आहे की. टाकताना वाटलं, त्यांनाही पोचू दे.” जयदेव म्हणाला. “अरे, दोस्ताचं कार्ड दोस्ताने नाही दाबायचं तर कोणी दाबायचं?”

चाळीस वर्षांपूर्वी पकडला गेला तेव्हाही तो अगदी हेच म्हणाला होता. शंकररावांनी फोन ठेवला. जयदेववर चिडायला त्यांना तोंडच नव्हतं.

किर्तीने रविवारी लॅपटॉप घेऊन बैठक मारली. “बाबा, यावर उपाय एकच. फॉर्ममध्ये पत्ता कोणीही कोणाचाही टाकू शकतो. टाकणारा आणि पत्त्याचा मालक एकच आहे हे आपल्याला कसं कळणार? म्हणून त्या पत्त्यावर आधी एक पत्र जाणार. त्यात बटण. ते फक्त मालकाला मिळणार, मालकानेच दाबायचं. दाबलं तर नाव यादीत, नाही दाबलं तर गळालं.”

“म्हणजे टाइम ऑफिस,” शंकरराव म्हणाले.

“हो, तसंच. आणि फॉर्ममध्ये एक चोरकप्पाही ठेवते. माणसाला दिसत नाही, पण नावं भरत सुटणाऱ्या रोबॉटला दिसतो. तो भरला गेला की समजायचं, हा माणूस नव्हे.”

“आमच्याकडे त्यासाठी स्टूल होतं,” शंकरराव म्हणाले. सुनेला हसू आलं. त्यांनाही क्षणभर बरं वाटलं.

“आणि बाबा, फक्त नव्यांना नाही. सगळ्यांना पाठवायचं. जुन्या एकशे सेहेचाळीस जणांनाही. त्यात कोणाचं नाव कोणी टाकलंय, काय भरवसा?”

“जुने सगळे चोख आहेत.” आवाज त्यांच्या मनासारखा निघाला नाही.

“मग दाबतील ना. दहा दिवस देऊ. अठ्ठावीस तारीख, संध्याकाळी सहा. आणि हे बघा, इथे प्रत्येक नावापुढे चौकोन आहे, इथे आपणही टिक करू शकतो. पण ते करायचं नाही हं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा!”

खरंच, त्यांना काय सांगायचं! बटणाचं पत्र शंकररावांनी स्वतः लिहिलं. ‘कोणीतरी तुमचा पत्ता आमच्या यादीत घातला आहे. तुम्हाला भोंगा हवा असेल तर खालचे बटण दाबा. नको असेल तर काहीच करू नका, पत्ता आपोआप निघून जाईल. आपले बटण आपणच दाबावे.’ दोन वर्षं जे नातं त्या एका ‘उघडला’वर तग धरून होतं, त्याला आता हरिचंद्रने स्वतः हो म्हणायला हवं होतं. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं आपल्याकडे बघितलं नाही, तो हो कशाला म्हणेल?

पत्र गेलं. पहिल्याच दिवशी साठ जणांनी बटण दाबलं, तिसऱ्या दिवसापर्यंत शंभर झाले. ज्यांनी दाबलं त्यांच्या नावावर हिरवी रेघ यायची. हरिचंद्रच्या नावापुढे पहिल्या संध्याकाळी साडेपाचला उमटलं, ‘उघडला’. बटण दाबलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. पाचव्या दिवशी आकडा चारवर गेला, आठव्या दिवशी सहावर. दरवेळी उघडत होता, वाचत होता आणि बंद करत होता. शंकररावांना जेवण जाईना. किर्तीने विचारलं, बीपी वाढलंय का? ते म्हणाले, उन्हाळा लागला.

सत्तावीस तारखेला दुपारी, घरी कोणी नसताना, त्यांनी यादीचं पान उघडलं. बाण नेऊन हरिचंद्रच्या नावापुढच्या चौकोनावर ठेवला. एक टिक. कोणाला कळलं असतं? हरिचंद्रलाही नाही, त्याला पुढच्या महिन्यात भोंगा आला असता, त्याने साडेपाचला उघडला असता, सगळं पहिल्यासारखं. बराच वेळ बोट तिथे राहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण टिक केली तर हरिचंद्र यादीत राहील खरा, पण तो स्वतःहून राहिला असं कधीच होणार नाही. आपणच आपल्याला खोटं कार्ड दाखवत बसू. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि उशाला उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले. हमसून रडायला आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

अठ्ठावीस तारीख शनिवारी आली. किर्ती घरी होती. साडेचारच्या सुमाराला बेल वाजली. शंकररावांनीच दार उघडलं.

दारात चाळिशीची एक बाई होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारा. डोक्यावर पांढरी टोपी, डोळ्यांवर हिरवा गॉगल, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात देतात तसला. चेहरा वाळला होता, पण जबडा तोच. त्याने मान जराशी वर केली आणि विचारलं, “टाइम ऑफिस ह्येच का?”

शंकररावांनी नुसतीच मान हलवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्याला ते दिसलेलं नाही.

“काका, मी भावना,” ती बाई म्हणाली. किर्तीने पुढे होऊन दोघांना बसवलं, पाणी आणलं. भावनानेच बोलायला सुरुवात केली. “बाबांना काचबिंदू झालाय. दोन वर्षं झाली, आता जवळजवळ दिसतच नाही. तो मेलचा पत्ता मी काढून दिला होता पेन्शनसाठी, माझ्या फोनवर असतो. साडेपाचला मी शाळेतून येते, मग भोंगा वाचून दाखवते. आई गेली त्यानंतर तो भाकरीचा आला, तो तर मला सात वेळा वाचायला लावला. आता हे पत्र आलं तेव्हा म्हटलं, दाबते मी. तर बाबा हातच लावू देईनात.”

“का म्हणून देईन?” हरिचंद्र म्हणाला. “येकदा दुसऱ्यानं माझं दाबलं तवा येकवीस दिस घरी बसलो. आता माझं मीच दाबनार. अन् तुझ्या म्होरं दाबनार, शंकर. तू बघायला पायजे. डाक्टर बोलला, शुक्रवारपातूर घराभायेर पडायचं न्हाय. म्हनून आज आलो.”

भावनाने पर्समधून फोन काढला. हरिचंद्रने तिला हाताने थांबवलं.

“आदी ह्ये सांग. माझं नाव घातलं कोनी? जयद्यानं?”

“जयदेव काकांनी यंदा त्रेचाळीस नावं घातली,” किर्ती म्हणाली. “तेव्हाचंही त्यांचंच काम असणार.”

आयती सुटका समोर आली होती. शंकररावांनी सुनेकडे बघितलं, मग त्या हिरव्या गॉगलकडे. “मी घातलं,” ते म्हणाले. “गंगूवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा. तुला न विचारता.”

किर्तीने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. हरिचंद्रचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, भावनाने पाठ चोळली. “तू?” तो म्हणाला. “तू माझं कार्ड पंच केलंस? अरं बापरे. जयद्याला सांगायला पायजे.”

“हरी,” शंकरराव म्हणाले, “अजून एक आहे. तो रिपोर्ट चार वाजेपर्यंत ट्रेमध्येच होता. मला दीड वाजताच कळलं होतं, ही झाल्याचं. मी उचलला नाही.”

हरिचंद्रचं हसू ओसरलं. त्याने भावनाचा हात चाचपून आपल्या हातात घेतला.

“ठावं हाय. शिपायानं तवाच सांगितलं व्हतं. मला रिपोर्टाचा राग न्हवता रं. तू लिवनारच, त्ये मी धरूनच व्हतो. राग त्या अडीच तासांचा व्हता. गंगी बोलायची, जाऊ द्या, भाकरी धाडू का? मी न्हाय बोललो. लय वेळा न्हाय बोललो. आता ती न्हाय.” त्याने गॉगलखालून बोट फिरवलं. “मी पन अडीच तास काढलेच की, चाळीस वर्सांचे.”

शंकरराव उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. भावनाने फोनवर ते पत्र उघडलं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवलं. हरिचंद्रने बोट पुढे केलं, ते पडद्यावर भलतीकडेच गेलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं.

“कुठं हाय?”

शंकररावांनी त्याचं मनगट धरलं. ते हाडकुळं आणि गरम होतं. त्यांनी त्याचा हात हळूच बटणावर आणला आणि तिथे आपला हात काढून घेतला. “आता दाब,” ते म्हणाले. “तूच.”

हरिचंद्रने दाबलं. मग तो कान देऊन बसला.

“वाजलं न्हाय?”

“याला आवाज नसतो.”

“मग झालं का न्हाय ते कसं कळायचं?”

किर्तीने लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला. नावावर हिरवी रेघ आली होती. शंकररावांनी चष्मा पुसला आणि पूर्वी हजेरी वाचायचे त्या आवाजात वाचलं, “हरिचंद्र. घडी खातं. हजर. चार वाजून बावन्न मिनिटं.”

“लेट मार्क?”

“तुला नाही,” शंकरराव म्हणाले. “मला.”

हरिचंद्रने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी चाचपडत उचलली आणि पुढे धरली. आत फडक्यात गुंडाळलेली तांदळाची एक भाकरी होती, भावनाने सकाळी भाजलेली.